कॉम्प्युटर तापतो, अडकतो: दुकानात नेण्याआधी काय बघायचं?

 

आज आम्ही कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहोत. गावोगावच्या बऱ्याच गटांकडे आता एखादा कॉम्प्युटर आहे, आणि तो बहुतेक वेळा जुनाच असतो. कुणाच्या मुलाने गेम खेळायला घेतलेला असतो. मुलगा शिकायला नाहीतर नोकरीला शहरात जातो, आणि तो कॉम्प्युटर थोडक्या पैशांत गटाकडे येतो. गेमिंग कॉम्प्युटर म्हणजे ताकदीचं यंत्र, त्यामुळे जुना असला तरी आपल्या कामाला पुरून उरतो. पण त्याची एक खोड असते. तो तापतो. आणि एक दिवस अचानक अडकायला लागतो. माऊस हलवला तर बाण मागून येतो. अक्षर टाइप केलं तर दोन सेकंदांनी दिसतं. पंखा घरघर करतो, आणि डब्याला हात लावला तर तव्यासारखा गरम.

आम्ही चौघी आमच्या गटाची कॉम्प्युटरची खोली चालवतो. फॉर्म भरणं, कागद स्कॅन करणं, मसाल्याच्या पाकिटांची लेबलं आणि गटाचा हिशेब अशी कामं आमच्याकडे चालतात. आमचा कॉम्प्युटरही असाच आलेला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, म्हणजे २०१३-१४ सालचा, आणि त्यात गेमसाठी बसवलेलं वेगळं ग्राफिक कार्ड. जून महिन्यात, ऐन प्रवेशाच्या दिवसांत, तो अचानक रेंगाळायला लागला. एका दुकानात दाखवला, तर त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं, ‘बोर्ड गेला, कार्डही जातंय, दोन्ही बदला, सोळा हजार होतील.’ आमच्या गटात दहा जणी, महिन्याला प्रत्येकीची बचत २०० रुपये. म्हणजे महिन्याचे २,०००, आणि सोळा हजार म्हणजे आठ महिन्यांची सगळ्यांची बचत. एवढा पैसा एका वाक्यावर देता येत नाही. म्हणून आम्ही तो परत आणला आणि एकेक गोष्ट तपासत गेलो. आज तीच पद्धत तुम्हाला सांगतो. वही-पेन असेल तर घ्या.

सगळ्यात आधी समजून घेऊ, की तापणं आणि अडकणं यांचा संबंध काय. दूध उतू जायला लागलं की आपण गॅस बारीक करतो. प्रोसेसर तेच करतो. तो फार तापला, साधारण १०० अंश सेल्सिअसच्या जवळ गेला, की स्वतःला जळण्यापासून वाचवायला आपला वेग कमी करतो. वेग कमी झाला की आपल्याला वाटतं कॉम्प्युटर अडकला. एवढं करूनही ताप वाढत राहिला, तर तो सरळ बंद पडतो. म्हणजे अडकणं हा बिघाड नसून यंत्राने घेतलेली काळजी असू शकते. ताप आला की आपण तापाचं कारण शोधतो, इथेही तेच करायचं.

आता पहिला प्रश्न. अचानक म्हणजे कधीपासून? आणि त्याच्या आधी काय बदललं? हळूहळू संथ होत गेलेला कॉम्प्युटर वेगळा आणि एका आठवड्यात बिघडलेला वेगळा. अचानक बिघडला तर काहीतरी बदललेलं असतं. जागा बदलली का? भिंतीला चिकटवला का? टेबलाच्या बंद कप्प्यात ढकलला का? शेजारी पिठाची गिरणी किंवा मसाल्याचं कांडप सुरू झालं का? कुणी नवा गेम, नवं सॉफ्टवेअर टाकलं का? वायरिंग बदललं का? ही उत्तरं तारखेनिशी लिहून काढा. आमच्या यादीत दोन गोष्टी निघाल्या. एक, कॉम्प्युटर मे महिन्यात टेम्पोतून गटाच्या खोलीत आला होता. दोन, खोलीच्या पलीकडे मिरची कांडप चालतं.

दुसरी पायरी. कॉम्प्युटर अडकलेला असतानाच आत काय चाललंय ते बघायचं. त्यासाठी कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन रकाने दिसतात आणि वर टक्के लिहिलेले असतात. तिन्ही वाचायचे.

डिस्कचा रकाना सतत १०० टक्क्यांजवळ असेल आणि बाकीचे कमी असतील, तर दुखणं बहुतेक हार्ड डिस्कचं आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्क थकतात. आतून टक-टक असा आवाज येत असेल तर त्या दिवशी दुसरं काही करू नका. गटाचा हिशेब, सभासदांची यादी, फोटो, सगळं आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. कॉम्प्युटर नवा मिळेल, पाच वर्षांचा हिशेब मिळणार नाही.

मेमरीचा रकाना ९० टक्क्यांच्या वर असेल, तर एकाच वेळी फार काही उघडून ठेवलंय. ब्राउझरमध्ये वीस पानं उघडी असली की आठ जीबी रॅमही कमी पडते. लागत नाहीत ती बंद करा.

सीपीयूचा रकाना भरलेला असेल, तर खाली नावं बघा. कोण खातंय ते कळतं. विंडोजचं अपडेट किंवा अँटिव्हायरसची तपासणी असेल, तर तासभर थांबा, आपोआप संपेल. पण कधी न ऐकलेलं नाव असेल, कुणी काही करत नसतानाही ते सीपीयू खात असेल, तर सावध व्हा. फुकट मिळणाऱ्या चोरीच्या गेमबरोबर, ज्याला पोरं क्रॅक गेम म्हणतात, असे प्रोग्राम आत शिरतात. ते आपल्या विजेवर दुसऱ्यासाठी डिजिटल नाणी काढत बसतात, आणि काही तर आपले पासवर्डही चोरतात. ज्या कॉम्प्युटरवर गटाचं बँक खातं उघडतो, त्यावर असा गेम नकोच. पोराला ओरडण्यापेक्षा हे कारण सांगा, त्याला पटतं.

आता एक बारीक खूण सांगतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स नावाचं पान आहे. तिथे सीपीयूवर क्लिक केलं की त्याचा आत्ताचा वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो, आणि शेजारी त्याचा मूळ वेगही लिहिलेला असतो. कॉम्प्युटर रिकामा असताना वेग कमी दिसणं बरोबरच आहे, तो विश्रांती घेत असतो. पण काम चालू असताना, सीपीयू १०० टक्क्यांना टेकलेला असताना, वेग मूळ वेगापेक्षा बराच खाली असेल, तर समजा प्रोसेसरने गॅस बारीक केलाय. आमच्याकडे मूळ वेग ३.३ लिहिलेला आणि भर कामात दिसत होता ०.८. तिथे आम्हाला दिशा मिळाली. बोर्ड पूर्णच गेलेला असता तर कॉम्प्युटर असा चालूच राहिला नसता.

तिसरी पायरी, ताप मोजणं. ग्राफिक कार्डाचा ताप विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांमध्ये त्याच परफॉर्मन्स पानावर जीपीयूखाली दिसतो. प्रोसेसरचा ताप तिथे दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यू मॉनिटरसारखं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, पण ते बनवणाऱ्यांच्याच साइटवरून घ्या. सॉफ्टवेअर नको असेल, तर कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू हे बटण दाबत राहा. बायोस नावाचं पान उघडतं, तिथे प्रोसेसरचा ताप आणि पंख्याचा वेग लिहिलेला असतो. फक्त बघायचं, बदलायचं काही नाही.

आकडे कसे वाचायचे? कॉम्प्युटर रिकामा असताना प्रोसेसर ३५ ते ५० अंश असला तर ठीक. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत त्याहून थोडा जास्तही चालेल. जोरात काम चालू असताना ६० ते ८० ठीक. ९० च्या वर जायला लागला तर कारण शोधायलाच हवं. ग्राफिक कार्ड गेम चालू असताना ८० च्या आसपास जातं, त्याला घाबरू नका. आमचा प्रोसेसर तीन फॉर्म आणि एक स्कॅन एवढ्यावर ९८ दाखवत होता. हा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवला.

चौथी पायरी, डबा उघडून बघणं. इथे नियम पक्के आहेत. कॉम्प्युटर बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग सुरू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डबा अंगणात किंवा ओट्यावर न्या. आत हात घालण्याआधी डब्याच्या पत्र्याला हात लावा. नायलॉनच्या साडीवर जी ठिणगी बसते ना, तीच आतल्या नाजूक भागांना मारक ठरते. वीज आत घेणारी जी पेटी असते, जिला एसएमपीएस म्हणतात, ती कधीही उघडायची नाही. वायर काढल्यावरही तिच्यात जोराचा झटका बसेल एवढी वीज साठलेली असू शकते.

बाजूचा पत्रा दोन स्क्रूंवर असतो. काढला की आत प्रोसेसरवरचा पंखा दिसेल आणि त्याच्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा. त्याला हीटसिंक म्हणतात. प्रोसेसरची उष्णता या पट्ट्यांमध्ये चढते आणि पंखा ती उडवून लावतो. आता सांगा, पट्ट्यांमध्ये धुळीचा नमदा बसला असेल तर वारा जाणार कुठून? चुलीचा धूर, फोडणीची वाफ, पीठ, तिखट, हे सगळं साध्या धुळीपेक्षा वाईट, कारण ते चिकट असतं. आमच्या हीटसिंकवर लालसर थर होता, मिरचीचाच.

साफ करायला कोरडा, मऊ, रंग मारायचा ब्रश घ्या. ओलं फडकं नाही, घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नाही. झेरॉक्सच्या किंवा मोबाइलच्या दुकानात हवा मारायचा छोटा ब्लोअर असतो, तो अर्धा तास मागून आणा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा गरगर फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. नाकाला रुमाल बांधा. ग्राफिक कार्डाचा पंखा, डब्याच्या पुढच्या-मागच्या जाळ्या, सगळ्यांना हवा मारा.

मग पाचवी पायरी, पंखे. पत्रा उघडाच ठेवून कॉम्प्युटर सुरू करा आणि हात दूर ठेवून फक्त बघा. प्रोसेसरचा पंखा फिरलाच पाहिजे. डुगडुगत, अडखळत, आवाज करत फिरत असेल तर तो बदलायचा, ही मोठ्या खर्चाची गोष्ट नाही. काही ग्राफिक कार्डांचे पंखे मात्र कार्ड थंड असताना मुद्दाम थांबलेले असतात. ते बिघडले असं समजू नका.

आमचा पंखा नीट फिरत होता. साफसफाईनंतर ताप ९८ वरून ९१ वर आला. फरक पडला, पण पुरेसा नाही. म्हणजे धूळ हे अर्धंच कारण होतं. तेव्हा यादीतली पहिली गोष्ट आठवली, टेम्पो.

या जातीच्या प्रोसेसरवरचा कंपनीचा पंखा प्लास्टिकच्या चार खुंट्यांनी बोर्डात बसवलेला असतो. खडखडाटात एखादी खुंटी सुटली, तर पंखा फिरतो, दिसायला जागेवर असतो, पण हीटसिंक प्रोसेसरवर घट्ट टेकत नाही. बुड वाकडं झालेला तवा शेगडीवर ठेवा, भाकरी एका बाजूला कच्ची राहते, तसंच. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, चारही खुंट्या बोटाने हलवून बघितल्या. तीन घट्ट होत्या, चौथी वर आलेली. मे महिन्यात हलकं काम होतं म्हणून कळलं नाही, जूनमध्ये काम वाढलं आणि ताप डोक्यात गेला.

खुंटी नुसती दाबून बसवली की झालं, असं मात्र नाही. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मध्ये एक राखाडी मलम असतं, थर्मल पेस्ट. दोन धातूंमध्ये राहिलेल्या बारीक फटीत हवा असते, आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. ती फट हे मलम भरून काढतं. काही वर्षांनी ते वाळून खडूसारखं होतं, आणि हीटसिंक एकदा हललं की जुनं मलम कामाचं राहत नाही. जुनं पुसून नवं लावायला लागतं. वाटाण्याएवढा एक ठिपका पुरतो, जास्त लावून फायदा नाही.

हे काम आम्ही कारागिराकडून करून घेतलं, तालुक्याच्या दुसऱ्या दुकानातून, आणि समोर बसून. तुम्हीही तसंच करा. दुकानात जाताना ‘बघा ना काय झालंय’ असं म्हणू नका. म्हणा, ‘प्रोसेसरचा ताप ९१ जातोय, पंखा चालू आहे, एक खुंटी सुटलीय. हीटसिंक काढून पेस्ट बदलून घट्ट बसवून द्या. आधी दर सांगा.’ आकडा सांगितला की बोलणं बदलतं, हा आमचा अनुभव आहे. कुठला भाग बदलायचा असं म्हणाले, तर तो का गेला, हे कशावरून कळलं, आणि जुना भाग परत मिळेल का, हे तीन प्रश्न विचारा. गटाचे कागद, लोकांच्या आधार कार्डांच्या प्रती कॉम्प्युटरमध्ये असतील तर आधी पेनड्राइव्हवर घ्या आणि आतून काढून टाका. पेनड्राइव्ह अध्यक्षांच्या कपाटात.

त्या दिवशी घरी आणून तेच तीन फॉर्म, तोच स्कॅन, आणि ताप ६४. वेग पुन्हा ३.३. खर्च काही शे रुपयांचा झाला. सोळा हजार गटाच्या खात्यात राहिले, आणि त्यातूनच पुढच्या महिन्यात एका ताईंना शेळ्यांसाठी कर्ज देता आलं.

मैत्रिणींनो, सगळ्यांच्या कॉम्प्युटरची खुंटीच सुटलेली असेल असं नाही. म्हणून आणखी काही गोष्टी सांगतो.

कॉम्प्युटर संथ न होता एकदम फटकन बंद पडत असेल, तर तापाबरोबर विजेकडेही बघा. लेझर प्रिंटर आणि कॉम्प्युटर एकाच यूपीएसवर लावू नका. लेझर प्रिंटर गरम होताना एकदम जोरात वीज ओढतो आणि यूपीएस मान टाकतो. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. ते वायरमनकडून आधी करून घ्या, कॉम्प्युटर नंतर. इथे माणसाचा जीव आहे.

डबा जमिनीवर ठेवू नका, झाडलोटीची धूळ थेट आत जाते. विटेवर किंवा पाटावर ठेवा, मागे वीतभर जागा सोडा. वर फडकं टाकायचं ते बंद असतानाच.

ग्राफिक कार्ड गेमसाठी असतं. फॉर्म आणि हिशेबाला ते लागतच नाही. ज्या प्रोसेसरमध्ये स्वतःची चित्र दाखवायची सोय आहे, तिथे कार्ड काढून ठेवलं तरी चालतं, ताप आणि वीज दोन्ही वाचतात. सगळ्या प्रोसेसरमध्ये ही सोय नसते, म्हणून आधी विचारून घ्या. २०० वॉट ओढणारा कॉम्प्युटर पाच तासांत एक युनिट जाळतो, एवढा हिशेब लक्षात ठेवा.

घरात मुलगा किंवा मुलगी गेम खेळत असेल, तर गेमच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ६० चित्रांची मर्यादा घालायला सांगा आणि ग्राफिक्स मध्यम ठेवायला सांगा. मर्यादा नसेल तर कार्ड उगाच शेकडो चित्रं काढत बसतं आणि तापतं. खेळही होतो, कॉम्प्युटरही टिकतो, आणि घरातलं भांडणही वाचतं.

आणि शेवटी, जुन्यावर किती खर्च करायचा? कॉम्प्युटर संथ असेल आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवणं हा सगळ्यात उपयोगी खर्च. मात्र त्याने ताप उतरत नाही, दोन्ही दुखणी वेगळी. दुसरं, विंडोज १० ला कंपनीची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ कंपनी चालू देत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, की या कॉम्प्युटरवर लेबलं, हिशेब, छपाई करायची, बँकेचं काम नाही. नव्यासाठी खोलीच्या कमाईतून दर महिन्याला ५०० रुपये बाजूला टाकतो. घाबरून एकदम सोळा हजार देण्यापेक्षा हे बरं.

तर वहीत एवढं उतरवा. काय बदललं ते आठवा. टास्क मॅनेजर बघा. ताप मोजा आणि लिहा. धूळ काढा. पंखा आणि खुंट्या बघा. पुन्हा मोजा. मगच दुकान. दर तीन महिन्यांनी, गटाच्या बैठकीच्या दिवशी, एकदा हवा मारा आणि ताप लिहून ठेवा. कांडप किंवा गिरणी शेजारी असेल तर दर महिन्याला.

तुमच्या गटाच्या कॉम्प्युटरचा ताप किती आला ते आम्हाला कळवा. काही अडलं तर केंद्रावर फोन करा, किंवा बाजाराच्या दिवशी खोलीवर या, आम्ही चौघींपैकी कुणीतरी असतोच.